ताटाची डावी बाजू

मला किळस फार. लहानपणापासूनच. दुधावरची साय ओठाला लागली तरी मला उमळून येतं. आणि नशीब बघा, अख्खा जन्म चाललाय दुसऱ्यांची उष्टी काढण्यात. मळवलीला एका शेठच्या बंगल्यावर आम्ही दोघं नवरा-बायको कामाला आहोत, वीस वर्षं होऊन गेली. शेठ मुंबईला असतात. शनिवार-रविवार बंगला भाड्यानं जातो, आणि सोमवारी सकाळी जे मागं राहतं ते आम्ही आवरतो. बेसिनमध्ये ओकलेलं, पलंगाखाली कोंबडीची हाडं, स्विमिंग पुलावर तरंगणारं लहान पोराचं डायपर. शिकलीसवरलेली माणसं हो ही! गाडीत कुत्र्याला वेगळी गादी, आणि स्वतःची घाण मात्र दुसऱ्यानं उचलायची.

आमच्या ह्यांना मात्र किळस म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. संडास तुंबला की हे बाही वर करून हात घालायचे. ओकारी काढायचे, हात धुवायचे, आणि त्याच हातानं बशीतला चहा भुरकायचे. मी तोंड फिरवलं की हसायचे. म्हणायचे, "अगं, पाणी टाकलं की सगळं सारकंच." बंगल्यावर आल्यावर पहिल्याच महिन्यात आमची वाटणी झाली होती: सैपाक माझा, घाण त्यांची. वीस वर्षांत एकदाही त्यांनी मला संडासाचा ब्रश हातात धरू दिला नाही.

सैपाकात मी कुणाला हार जायची नाही. पाहुण्यांना गावरान जेवण लागतं, आणि पान मी आईनं शिकवलं तसंच वाढते. वरती, मधापेक्षा जरा डावीकडं मीठ. त्याच्या डावीकडं लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजवीकडं भाजी, उसळ, आमटीची वाटी. मध्ये भाताची मूद. डावीकडचं उजवीकडं गेलेलं मला खपत नाही. पाहुणे नसले, आम्ही दोघंच असलो, तरी पान तसंच. हे चिडवायचे, "दोन माणसांचा संसार, आन बाई पान वाढती लग्नाच्या पंगतीचं." चिडवायचे, पण आधी चटणीवर तुटून पडायचे. दोडक्याच्या शिरांची चटणी असली तर भाकरी बाजूलाच राहायची.

गेल्या वर्षी भात काढणीच्या सुमाराला हे पुलाच्या मोटरपाशी खाली बसले ते उठलेच नाहीत. डावा हात, डावा पाय लुळा. मेंदूतली रक्ताची नळी तुंबली होती, उजव्या बाजूची. पुण्याकडच्या मोठ्या दवाखान्यात पंधरा-वीस दिवस काढले. जीव वाचला. हळूहळू पाय टाकायला लागले, काठी धरून का होईना. बोलणं शाबूत, हसणं शाबूत. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, थोडक्यात निभावलं. घरी सोडताना सांगितलं होतं: गोळ्या चुकवायच्या नाहीत, मीठ कमी, डाव्या हाता-पायाचा व्यायाम. दीड महिन्यानं दाखवायला या.

घरी आल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एक निराळाच माणूस बसला. एक गाल दाढी केलेला, दुसरा तसाच, खुंट वाढलेला. उजव्या पायात चप्पल, डावा पाय अनवाणी, शेणात पडला तरी पत्ता नाही. चालताना दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटायचा. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून लाळेची तार निघायची ती सदऱ्यापर्यंत. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे गालफड. सकाळी खाल्लेल्या भाकरीचा घास डाव्या गालात संध्याकाळपर्यंत पडून राहायचा. आंबायचा. बोलायला तोंड उघडलं की वास. मी बोट घालून तो लगदा बाहेर काढायचे आणि मग मोरीत जाऊन कोरड्या ओकाऱ्या द्यायचे. ज्या माणसानं जगाच्या ओकाऱ्या काढल्या त्याच्याच तोंडाची मला शिसारी येत होती. हे कुणाला सांगायचं? सांगितलं असतं तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं.

त्यावर कडी म्हणजे हे माझ्याकडं बघेनात. आमची खोली एकच. ह्यांचा पलंग भिंतीशी, समोर दार. डाव्या हाताला माझा ओटा, उजवीकडं खिडकी. खिडकीतून पूल दिसतो. ओट्यापाशी उभं राहून मी विचारायचे, "चहा घेता का?" हे खिडकीकडं तोंड करून म्हणायचे, "घेतो." मी म्हणायचे, "खिडकी करती का तुमचा चहा?" तरी मान वळायची नाही. पुलात शनिवारी कसल्या कसल्या कपड्यांतल्या बाया पोहत असतात. हे आपले दिवसभर त्याच दिशेला डोळे लावून. वा रे वा! म्हटलं, मरणाच्या दारातून आला गडी, आणि आल्या आल्या हे धंदे! जनाची नाही, निदान मनाची तरी? मी एक-दोनदा खिडकीचा पडदा ओढला. तरी हे पडद्याकडंच बघत बसले. तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण रागानं डोळे झाकलेले, पडणार कुठून?

जेवणाचं तर विचारूच नका. मिठाला हात नाही, चटणीला हात नाही, लिंबू जसंच्या तसं. मी म्हटलं, चला, एवढं तरी बरं. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय, हे पथ्य पाळतायत. शेजारच्या बंगल्यावरच्या मावशींना मी मिरवून सांगितलंसुद्धा, "चटणीसुदीक सोडली हो ह्यांनी, लय मनावर घेतलंय." पण भातही अर्धाच खायचे. मूद मधोमध कापल्यासारखी, अर्धी जागच्या जागी. मी म्हणायचे, "सगळं खावा की." हे म्हणायचे, "खाल्लं की सगळं." आणि ताट पुढं सारायचे. तेव्हा माझं टाळकं सरकायचं. खोटं बोलायचं तर निदान ताट झाकून तरी बोला! मला वाटायला लागलं, हे मला शिक्षा करतायत. मी तोंड वाकडं करते ते ह्यांनी पाहिलंय, म्हणून माझ्या हातचं अर्धं टाकतात, माझं तोंडही बघत नाहीत.

अशात नणंद आली. ती कान्ह्याला माहेरच्याच घरात राहते, नवरा वारल्यापासून. जिभेला हाड नाही, पण भावावर जीव. आली ती नेमकी जेवणाच्या वेळेला. अर्धा भात, सगळी डावी बाजू भरलेली, असं ते ताट तिनं बघितलं आणि कमरेला हात लावून उभी राहिली.

"वैनी, दादा अर्ध्या पानावरनं उठतोय, आन तू बगत बसलीस?"

"वन्सं, मी काय कोंबू का त्येंच्या तोंडात?"

"कोंबायला कशाला पायजे? जवळ बसून मायेनं भरवलं तर खाईल ना माणूस. तू तर मेली हात लावायला कचरतीस. मला काय दिसत न्हाई व्हय?"

उचलली जीभ लावली टाळ्याला अशी ही बाई, पण ह्या वेळी तिनं बरोबर वर्मावर बोट ठेवलं होतं. तिनं तिथंच ठरवून टाकलं. परवा दवाखान्यात दाखवून आणायचं, त्याच दिवशी ती दादाला कान्ह्याला घेऊन जाणार, कायमचं. "तितं पोटभर खाईल तरी," म्हणाली. मग भावाला विचारलं, "दादा, येतोस न्हवं?"

हे खिडकीकडं बघत म्हणाले, "व्हय, येतो."

एका शब्दानं माझ्याकडं वळून विचारलं नाही. चोवीस वर्षांचा संसार, आणि "व्हय, येतो". रडू आलं, संताप आला. पण खोटं कशाला लिहू? आत कुठंतरी हलकंही वाटलं. आता त्या गालफडात बोट घालायला नको. हे मनात आलं आणि मला स्वतःचीच इतकी किळस आली, तेवढी त्या डायपरचीही आली नव्हती.

दवाखान्यात आम्ही दोघंच गेलो. नणंद त्यांचे कपडे पिशवीत भरत मागं थांबली. तपासायला एक मोठ्या डॉक्टरीणबाई होत्या, आणि त्यांच्या पाठीमागं शिकणारी चार पोरं-पोरी. बाईंनी कागदभर बारीक रेघा काढलेल्या होत्या. ह्यांना म्हणाल्या, प्रत्येक रेघेवर फुली मारा. ह्यांनी उजव्या अर्ध्या कागदावर फुल्या मारल्या आणि पेन ठेवलं. "झालं." मग घड्याळ काढायला सांगितलं. ह्यांनी गोल काढला आणि एक ते बारा सगळे आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीनं बसवले. डावा अर्धा कोरा.

ती पोरं खूश! एकमेकांना कोपरानं ढोसत होती. एकानं तर खिशातून मोबाईल काढला. "मॅडम, किती क्लिअर आहे! फोटो घेऊ?"

शी! माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "ए, ठेव तो मोबाईल," मी म्हटलं. "नवरा हाय त्यो माजा. जत्रंतलं अस्वल न्हाई."

पोरगा पांढराफटक पडला. डॉक्टरीणबाईंनी त्याला मोबाईल आत ठेवायला लावला, मला स्वतःशेजारी खुर्ची दिली आणि शांतपणे सांगायला लागल्या. म्हणाल्या, "रागावलात ते बरोबरच आहे. पण ही मुलं अशीच शिकतात, आम्हीही अशीच शिकलो. धडधाकट माणसाच्या डोक्यात कुठला भाग काय काम करतो, ते बाहेरून कसं कळणार? कुणाला लढाईत डोक्याला गोळी लागली, कुणाला गाठ झाली, कुणाची रक्ताची नळी तुंबली. त्या माणसाचं नेमकं काय गेलं, हे डॉक्टरांनी बारकाईनं बघितलं. एखाद्याला सगळं समजायचं, पण बोलता यायचं नाही. एखाद्याला बायकोचा चेहरा ओळखू यायचा नाही, आवाज ऐकला की ओळखायचा. तो माणूस गेल्यावर डोकं उघडून बघायचे, इजा कुठं आहे. असं करत करत कळलं, बोलणं साधारण कुठं, ओळखणं कुठं. आता यंत्रात जिवंतपणीच दिसतं. पण सुरुवात तिथून झाली."

डोकं उघडून बघायचे! मी म्हटलं, "म्हंजे लोकांची वाट लागली म्हणून तुमचं शिक्षण झालं."

"हो," बाई म्हणाल्या. पुढं काहीच नाही, सारवासारव नाही.

आणि हे हसायला लागले. लाळ गळतेय, आणि हसतायत. म्हणाले, "बाई बरोबर बोलत्यात. चालू मोटरकडं दिसभर बगत बसलं तरी काय कळतंय? वायर जळली आन दिवा गेला, तवा कळतं ही वायर दिव्याची व्हती." पोरंही हसली. मला नाही हसू आलं. अहो, जळलेली वायर तुमच्याच डोक्यातली आहे, आणि दात काय काढताय!

मग बाईंनी ह्यांना विचारलं, "तुम्ही राहता तो बंगला मला बघायचाय. समजा, मी फाटकातून आत येतेय, तोंड बंगल्याकडं. मला काय काय दिसेल? डोळे मिटून सांगा."

ह्यांनी डोळे मिटले. सांगायला लागले. पूल. पुलाच्या कडेच्या निळ्या फरश्या, त्यातली तिसरी फुटकी. मोटरची खोली. फणसाचं झाड. गाड्या लावायची जागा. "आन मग पायऱ्या, वऱ्हांडा."

"आणखी काही?"

"बास. एवडंच."

आमची खोली फाटकातून आत आलं की डाव्या हाताला आहे. खोली, तिच्यापुढची चूल, धुणं धुवायचा दगड, मी लावलेली अबोली. वीस वर्षं त्या खोलीत झोपलो. मुलगी तिथं वाढली, तिथून सासरी गेली. फुटकी फरशी आठवते माणसाला, आणि घर आठवत नाही! मला वाटलं, संपलं. ह्या माणसाच्या डोक्यातून मी गेले, माझ्यासकट सगळा संसार गेला. नेऊ दे ह्यांना कान्ह्याला. मी कुणाची आणि कोण?

बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि हातानंच थांबायला सांगितलं. मग ह्यांना म्हणाल्या, "आता मी वऱ्हांड्यात उभी आहे. तोंड फाटकाकडं. आता सांगा."

हे परत डोळे मिटून सांगायला लागले. "पायऱ्या उतरलं की आमची खोली. पत्रा गंजलाय, शेटला सांगून दमलो. पुडं चूल. चुलीम्होरं हिचा पाट. धुण्याचा दगड. अबोली लावलीय हिनं, रोज पाणी घालती. दोरीवर माजा सदरा आन हिचं लुगडं." मग म्हणाले, "ती असती ना तितं. भाकरी थापत."

पूल नाही. फणस नाही. फुटकी फरशी नाही. सगळं गेलं, कारण आता ते डाव्या हाताला आलं होतं.

मी पदर तोंडात धरला. बाई म्हणाल्या, "ते काही विसरलेले नाहीत. डोळेही चांगले आहेत. डावीकडं काही असतं, हेच त्यांच्या मेंदूला सध्या कळत नाही. समोरही नाही, आठवणीतही नाही. सवयीनं, सरावानं पुष्कळ सुधारेल. आधी मला सांगा, घरी तुम्ही त्यांच्या कुठल्या बाजूला असता?"

उत्तर द्यायला मला वेळ लागला नाही. ओटा डावीकडं. मी डावीकडं. दीड महिना मी ज्या माणसावर जळत होते, शिव्या घालत होते, पडदे ओढत होते, त्याच्या लेखी मी नुसता आवाज होते. तो आवाज कुठून येतोय तेही त्याला धड कळत नव्हतं.

रिक्षातून येताना मी ह्यांच्या उजवीकडं बसले. हे माझ्याकडं बघून एकदम म्हणाले, "आलीस व्हय?" जणू मी गावाला गेले होते.

खोलीत नणंद पिशवी भरून, दाराशी ठेवून, बसली होती. म्हणाली, जेवून निघू. मी पान वाढलं. हात आपल्या सवयीनं चालत होते: वरती चिमूटभर मीठ, डावीकडं लिंबाची फोड, दोडक्याच्या शिरांची चटणी, काकडीची कोशिंबीर. आणि कोशिंबीर वाढता वाढता माझा हात तिथंच थांबला. मी त्या ताटाकडं बघत राहिले. अगं बाई! पथ्य कसलं, आणि शिक्षा कसली!

तरी पान मी होतं तसंच पुढं ठेवलं. मला बघायचं होतं. ह्यांनी भाजी खाल्ली, उसळ खाल्ली, आमटी ओरपली, भाताची उजवी अर्धी मूद खाल्ली आणि हात थांबवला. "झालं."

"बग!" नणंद म्हणाली. "रोजचंच हाय हे."

मी ताटाची कड धरली आणि ताट अर्धं फिरवलं. डावी बाजू उजवीकडं आली.

हे दचकले. ताटाकडं बघत राहिले. "अगं... चटणी?" बोट चटणीत बुडवलं, जिभेवर ठेवलं. मग काही विचारायची सोय नाही. चटणी गेली, कोशिंबीर गेली, राहिलेला भात गेला, लिंबाची फोड चोखून साल तेवढी ठेवली. नणंद एकदा ताटाकडं, एकदा माझ्याकडं, तोंडाचा आ करून बघत होती. मी तिला बाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं. रेघा, घड्याळ, फाटक, वऱ्हांडा.

हे ऐकत होते. ऐकून झाल्यावर उजवीकडं, माझ्याकडं बघून म्हणाले, "म्हंजे रोज चटणी व्हती?"

"रोज."

"मीठ?"

"रोज. चिमूटभर."

लिंबाची साल ताटाच्या कडेला सारली. मग म्हणाले, "दीड म्हयना झाला, मला वाटतंय तू मला निवदाचं पान वाढतीस. देवाला वाढत्यात तसं, बिनमिटाचं. पयल्यांदा म्हटलं, डाक्टरनं सांगितलं आसंल. पण चटणी न्हाई, लिंबू न्हाई, कोशिंबीर बी न्हाई? तू अर्धं पान कुणाला वाढत न्हाईस. परक्या पावण्याला वाढत न्हाईस. म्हटलं, हिला आपली किळस आली. आन किळस आलेल्या माणसाच्या हातचं मागून कसं खायाचं? म्हणून म्हटलं, जातो कान्ह्याला."

नणंदेनं मान खाली घातली. आता मला सुटायचा रस्ता मोकळा होता. चटणी रोज वाढलेली होती, नणंद साक्षीला होती. मी म्हणू शकत होते, अहो, काहीतरीच काय, मला कशाला किळस येईल? चटणीच्या बाबतीत ह्यांचं चुकलं होतं. किळशीच्या बाबतीत चुकलं नव्हतं. अर्धं जग दिसत नव्हतं माणसाला, पण हे दिसलं होतं.

मी म्हटलं, "येत व्हती मला. अजून बी येती."

हे हसले. तसेच, पुलाच्या कडेला बाही वर करून हसायचे तसे. "मग? वीस वरसं घाण मी काडली. आता तुजी पाळी."

नणंदेनं पिशवी उघडली आणि त्यांचे सदरे एकेक करून परत खुंटीला लावायला घेतले.

"तोंड उघडा," मी म्हटलं. डाव्या गालात भाताचा गोळा होताच. बोट घालून काढला. किळस यायची ती आलीच. मग तांब्या घेतला आणि पाणी टाकलं.